प्रार्थनेचा मेसेज पुढे पाठवण्याआधी

आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून उगवतोच. भारतात बौद्ध अतिरेक्यांनी काल रात्री 20 चर्च जाळली, आज ‘ओलिसाबांग’ प्रांतात 200 जाळणार, प्रार्थना करा, सगळ्यांना पाठवा. दहा वर्षांहून अधिक काळ हा जगभर फिरतोय. भारतात ओलिसाबांग नावाचा प्रांतच नाही! पण खाली ‘प्रार्थना’ असली की नकाशा कोण उघडतो? आमच्या नगर भागात ख्रिस्ती आणि बौद्ध घरं भिंतीला भिंत लावून आहेत, कितीकांचे चुलतभाऊ बौद्ध. बायबलच्या दहा आज्ञांतली खोट्या साक्षीची आज्ञा शेजाऱ्याबद्दलच आहे ना? मेसेज ढकलणारा साक्षीदारच, असं धरून मी तरुण संघात पुढचं शिकवते.

आधी गाव आणि तारीख शोधा. ‘काल रात्री’ ही तारीख नव्हे. वर दुहेरी बाण दिसला, म्हणजे मेसेज अनेकदा फॉरवर्ड झालेला असला, तर पाठवणाऱ्यालाही मूळ ठाऊक नाही असं समजा. फोटो गूगल लेन्समध्ये टाका. व्हिडिओ असेल तर स्क्रीनशॉट काढून टाका. सरकारी योजनेचा दावा असेल तर केंद्र सरकारचं पीआयबी फॅक्ट चेक पाहा. बायबलमधलं नीतिसूत्रे 18:17 म्हणतं तसं, पहिला बोलणारा नेहमी खराच वाटतो, दुसरा येऊन विचारेपर्यंत.

मेसेज खोटा निघाला तर ग्रुपवर कुणाची शोभा करू नका. मत्तय 18:15 प्रमाणे एकट्याला गाठा. ‘काका, सलाम, तो मेसेज जुना आहे, काढता का?’ एवढं पुरतं. काका काढायला विसरले तर ॲडमिनला सर्वांसाठी डिलीट करता येतं. पण नुसतं काढून भागत नाही. वाचणाऱ्यांनी तो आधीच वाचलेला असतो, म्हणून ‘ही बातमी खोटी होती’ असं त्याच ग्रुपवर लिहा, आणि जिथंजिथं पाठवली तिथंही.

एवढा खटाटोप कशाला, असं पोरं विचारतात. मी 1 जुलै 2018 चं राईनपाडा सांगते. धुळे जिल्ह्यात मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवर फिरत होती, आणि डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. देशाचा विकास म्हणजे नुसते रस्ते नव्हेत. अनोळखी माणूस गावात शिरायलाच भ्याला, तर लस टोचणारी नर्स आणि जनगणनेचा माणूस तरी कसा येणार?

व्हॉइस नोट मात्र तपासायला अवघड. त्यात बोलणाऱ्याचं नाव-गाव नसेल, तर आम्ही ती पुढे पाठवतच नाही. प्रार्थना करायचीच असेल तर नाव-गाव नसलेल्या मेसेजवरही करता येते, फॉरवर्ड न दाबता.