पोरीचा बाप असाल तर हे आधीच करा, मी नाही केलं

माझी पोरगी आता पुण्यात नोकरीला आहे, फोन येतो पण आईलेच, माझ्यासाठी "बाबा जेवले का" एवढंच. तर पोरगी लहान असलेल्यांनी ऐका.

पहिले म्हणजे आठवड्यातून एक संध्याकाळ तिची ठेवा. आमच्या नागपुरातल्या फुटाळा तलावावर नेतात तसं कुठं न्या, भुट्टा घेऊन द्या, नि अभ्यासाचं काहीच विचारू नका, मी तिथंही मार्क विचारायचो नं बाप्पा, मग ती गप्पच बसायची. बोलायला लागली की मधात सल्ला देऊ नका, हे लय कठीण आहे, मला अजूनही जमत नाही.

दुसरं, "मुलगी आहे" म्हणून नाही म्हणायच्या आधी ह्याच प्रश्नाला पोराला काय उत्तर दिलं असतं ते बघा. मी पोराला अठरा पूर्ण होताच गाडी शिकवली, तिला म्हटलं वर्धा रोडवर ट्रॅफिक फार. ट्रॅफिक पोरालेही तेवढाच होता.

पैशाचं म्हणाल तर सुकन्या समृद्धी खातं ती 10 वर्षांची व्हायच्या आत उघडा, पोस्टात होते, आणि हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत पोरीचा हक्क पोराएवढाच आहे हे घरात मोकळं बोला.

आणि चुकलं तर माफी मागा, तिच्यासमोर, "पण" न लावता. मी मागच्या दिवाळीत मागितली, ती म्हणे बाबा चहा थंड होतोय. मग या खेपेस स्टेशनवर सोडायला निघालो तर चावी तिनंच घेतली, मी मागं बसलो.