तुंबलेले बेसिन घरच्या घरी कसे मोकळे करावे

हात धुतल्यावर बेसिनमधले पाणी जागचे हलेनासे झाले, की बहुतेक घरांत सर्वप्रथम ड्रेन क्लीनरची पुडी आणली जाते. माझ्या मते तो अगदी शेवटचा उपाय असावा, कारण बेसिन बहुधा जिथे तुंबते ती जागा आपल्या हाताच्या अंतरावरच असते आणि तिथला गाळ विरघळवत बसण्यापेक्षा तो बाहेर काढणे सोपे असते. हा गाळ म्हणजे मुख्यतः केस, टूथपेस्ट आणि साबणाचा साका. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा चिकट थर तयार होतो आणि केसांच्या जाळ्यात तो अडकत जातो.

आधी खाली पाहावे. बेसिनमध्ये पाणी सोडल्यावर ते जमिनीवरच्या नहाणी ट्रॅपच्या जाळीतून वर येत असेल, तर दोष बेसिनचा नसून पुढच्या लाइनचा आहे. अशा वेळी नहाणी ट्रॅप साफ करूनही फरक पडला नाही, तर प्लंबरला बोलवावे.

जमीन कोरडी असेल तर बेसिनच्या तळाच्या वेस्ट कपलिंगपासून, म्हणजे पाणी खाली जाते त्या छिद्रात बसवलेल्या तोंडापासून, सुरुवात करावी. कपलिंगच्या आत आडव्या पट्ट्या असतात आणि केस नेमके त्यांनाच गुंडाळले जातात. बारीक तारेच्या टोकाला छोटा आकडा करून, ती पट्ट्यांच्या खाली घालून फिरवत वर ओढावी. पहिल्याच ओढीत काळपट, बुळबुळीत शेपूट बाहेर आली तर निम्मे काम झाले असे समजावे. त्यानंतर प्लंजर (दांड्याला रबरी वाटी असलेला दाबपंप) वापरायचा असल्यास बेसिनच्या वरच्या काठाजवळचे ओव्हरफ्लोचे छिद्र ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरावे, नाहीतर सगळा दाब तिथूनच निघून जातो.

एवढ्याने पाणी उतरले नाही, तर बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे खाली फिरवून काढता येणारी वाटी असलेला बाटलीसारखा भाग, उघडावा. या कामाची लोक उगीच धास्ती घेतात. ट्रॅपच्या वाटीत कायम थोडे पाणी साठलेले असते, ज्यामुळे गटाराचा वास आणि झुरळे वर येत नाहीत. म्हणून आधी खाली बादली ठेवावी. प्लास्टिकची वाटी खालून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने हाताने फिरवली की सुटते. पितळी असेल तर मात्र पाना लागतो, आणि क्रोमवर ओरखडे पडू नयेत म्हणून पान्याखाली फडके घ्यावे. वाटीतला गाळ कचऱ्यात टाकण्यापूर्वी चाळून पाहावा. आमच्या घरी हरवलेली कानातल्याची फिरकी दोन महिन्यांनी तिथेच सापडली होती. वाटीत उतरणाऱ्या नळीचे टोक आणि भिंतीकडे जाणारा आडवा पाइप जुन्या टूथब्रशने घासावा. बादलीतले पाणी सवयीने त्याच बेसिनमध्ये ओतू नये, कारण खाली ट्रॅप उघडा आहे हे त्या क्षणी हमखास विसरले जाते.

घरगुती उपायांविषयीही स्पष्ट सांगायला हवे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर फेस भरपूर येतो, पण ती दोन्ही द्रव्ये एकमेकांचा प्रभाव नाहीसा करतात आणि केसांना काहीच होत नाही. उकळते पाणी पीव्हीसी पाइप मऊ करते, म्हणून कढत पाणी टाळून हाताला सोसेल इतकेच गरम पाणी वापरावे. ड्रेन क्लीनरच्या पुडीत बहुधा असणारा कॉस्टिक सोडा साचलेल्या पाण्यात टाकल्यास खूप उष्णता निर्माण होते आणि कधीकधी त्याचा ट्रॅपमध्येच दगड होतो. तो एकदा ओतला असेल तर त्यानंतर प्लंजर मारू नये आणि ट्रॅपही उघडू नये, कारण ते पाणी डोळ्यांत उडाल्यास गंभीर इजा होते. प्लंबर आला तर त्यालाही तसे आधीच सांगावे. त्यावर टॉयलेट क्लीनरसारखे अ‍ॅसिड तर मुळीच ओतू नये. ब्लीच ओतले असेल तरीही अ‍ॅसिड टाळावे, कारण ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

वाटी परत बसवताना रबरी वॉशर धुऊन सरळ बसला आहे ना हे पाहावे आणि वाटी फक्त हाताने आवळावी, कारण पान्याने जोर लावल्यास प्लास्टिकचे आटे जातात. मग बेसिन काठोकाठ भरून पाणी एकदम सोडावे आणि जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद अर्धा तास ठेवावा. त्यावर थेंबाचा डाग पडला तर वॉशर काढून पुन्हा बसवावा, आणि तरीही गळती राहिली तर वॉशर नवा घ्यावा.