एक्सपीचं मशीन उठेना? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

सांगली-मिरजेकडच्या डीटीपीवाल्यांकडे विंडोज एक्सपी अजून चालू आहे. पानं जुळवायचं पेजमेकर, मराठी फाँटचं श्रीलिपी आणि मागच्या पोर्टात घुसवलेलं डोंगल (सॉफ्टवेअर चालू करणारी किल्ली) हे कुटुंब नव्या मशीनवर नांदत नाही, म्हणून. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट थांबवला. लग्नपत्रिका थोड्याच थांबतात! मशीन अडलं की शेजारचा कुणीतरी हमखास सांगतो, "फॉरमॅट मार." मारू नका. पडद्यावर नेमकं काय आलंय ते वाचा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गाडी कुठे अडली हे तिथेच लिहिलेलं असतं.

पडदा काळा आणि नुसती बीप वाजत असेल तर विंडोजचा काही संबंध नाही. वीज बंद करून रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसा, परत खटकन बसेपर्यंत दाबा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

आता माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी केस. विंडोजचा लोगो येतो, क्षणभर निळा पडदा चमकतो, मशीन रिस्टार्ट, आणि हेच चक्र चालू. सुरुवातीला एफ८ दाबत राहा आणि यादीतला ऑटोमॅटिक रिस्टार्ट बंद करण्याचा पर्याय निवडा (सर्व्हिस पॅक २ असेल तर तो दिसतो). निळा पडदा आता थांबेल. कोडच्या शेवटी ७बी असेल तर बायॉसमधलं (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) घड्याळ बघा. तारीख भलत्याच जुन्या सालात गेली असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सेल संपला की बायॉस सगळ्या सेटिंग विसरतो, आणि बऱ्याच बोर्डांवर साटा मोड, म्हणजे हार्डडिस्कशी बोलण्याची पद्धत, आपोआप एएचसीआय या नव्या पद्धतीवर जातो. एक्सपीकडे एएचसीआयचा ड्रायव्हर मुळातच नाही, त्यामुळे त्याला स्वतःचीच हार्डडिस्क दिसत नाही. सीआर २०३२ चा नवा सेल टाका, बायॉसमध्ये मोड परत आयडीई (जुनी पद्धत) करा, तारीख लावा. या एका सेलपायी लोकांनी धडधाकट डिस्क फॉरमॅट करून घेतलेल्या मी पाहिल्यात.

"एनटीएलडीआर इज मिसिंग" (विंडोज सुरू करणारी फाइल सापडत नाही) आलं तर आधी पेनड्राइव्ह आणि जोडलेली दुसरी डिस्क काढा. बायॉस चुकून तिच्यातूनच चालू व्हायला बघत असतो. तरीही तेच आलं तर एक्सपीची सीडी घाला. पहिल्या पडद्यावर आर दाबलं की रिकव्हरी कन्सोल, म्हणजे दुरुस्तीच्या कमांड टाइप करायचा पडदा, उघडतो. तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड विचारतो. आपल्याकडे तो बहुधा रिकामाच असतो, एंटर मारा. मॅप ही कमांड देऊन सीडीचं अक्षर बघून घ्या, कारण कार्ड रीडर असेल तर ते डी नसतं. मग सीडीतल्या आय३८६ फोल्डरमधून एनटीएलडीआर आणि एनटीडिटेक्ट डॉट कॉम या दोन फाइली सी ड्राइव्हच्या मुळाशी कॉपी करा, त्यानंतर फिक्सबूट (fixboot) ही कमांड द्या. एचएएल डॉट डीएलएल या फाइलची तक्रार असेल तर बूटसीएफजी स्लॅश रिबिल्ड (bootcfg /rebuild) करून बघा; त्या संदेशामागे बहुतेकदा बिघडलेली बूट डॉट आयएनआय (विंडोज कुठे आहे हे सांगणारी फाइल) असते. फिक्सएमबीआर ही कमांड मात्र उगाच मारू नका. त्याच डिस्कवर लिनक्सही असेल तर त्याचा बूटलोडर (ते सुरू करणारा प्रोग्रॅम) उडतो.

निळ्या पडद्यावर "अनमाउंटेबल बूट व्हॉल्यूम" असेल तर त्याच कन्सोलमध्ये डिस्क तपासणारी चेकडिस्क स्लॅश आर (chkdsk /r) ही कमांड द्या. रात्री लावून घरी जा. पण डिस्क टक्-टक् वाजत असेल तर चेकडिस्क अजिबात नको, मरणाऱ्या डिस्कला तो आणखी पळवतो. ती काढून दुसऱ्या मशीनला जोडा आणि आधी कामाच्या फाइली घ्या. कन्सोलमधून त्या मिळत नाहीत. तो विंडोजच्या फोल्डरपलीकडे फारसं जाऊ देत नाही.

काहीच चाललं नाही तर रिपेअर इन्स्टॉल, म्हणजे जुन्या विंडोजवरच विंडोज पुन्हा बसवणं. इथे आर दुसऱ्या ठिकाणी दाबायचं असतं: पहिल्या पडद्यावर एंटर, करारावर एफ८, मग जुनं विंडोज यादीत दिसलं की आर. एस्केप दाबलं तर नवंकोरं विंडोज पडेल आणि श्रीलिपी पुन्हा घालत बसावं लागेल.

मशीन उठलं की त्याच दिवशी सी ड्राइव्हची घोस्ट इमेज (हुबेहूब प्रत) काढा. ती त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर नको, बाहेरच्या डिस्कवर ठेवा. आणि सेल बदलल्याची तारीख कॅबिनेटच्या आत मार्करने लिहून ठेवा.