नळ नसला तरी चिमुकल्याला हात धुता येतील

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. मग तीन-चार वर्षांचं पोर हात धुवायला थेट पिंपात तांब्या घालतं, नाहीतर हात धुणंच टाळतं. त्यावर एक लिटरची रिकामी बाटली पुरते.

१. तळापासून दोन बोटं वर, बाजूला, तापवलेल्या दाभणाने २-३ मिलिमीटरचं एकच भोक पाडा. हे काम मोठ्यांचं.

२. भोकावर बोट धरून बाटली भरा, झाकण घट्ट लावा. वरून हवा जात नाही, म्हणून पाणी थांबतं. झाकण सैल केलं की धार लागते. घट्ट करूनही गळत असेल तर भोक मोठं झालंय किंवा बाटली फार मऊ आहे. दाबली की ती पिचकारी मारणारच.

३. बाटली मोरीच्या कट्ट्यावर, मुलाच्या छातीच्या उंचीला ठेवा.

४. हात ओले, झाकण बंद, मग साबण. एक ते वीस आकडे सावकाश मोठ्याने म्हणत बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं चोळायची. पोरं बारानंतर हमखास पंधरावर उडी मारतात. तिथे रागावू नका, तुम्हीही सोबत म्हणा.

साबणाच्या हाताने झाकण निसटतं, म्हणून त्याला रबरबँडचे दोन वेढे द्या. झाकण पिळताना बोटांत येणारी ताकद पुढे पेन्सिल धरायला कामी येते, हा वरचा नफा.

पिंपाचं झाकण मात्र कायम लावलेलंच ठेवा. वाकून तोल गेला तर लहान मूल थोड्या पाण्यातही बुडू शकतं.