उपराष्ट्रपतिपदाविषयीचे अनुच्छेद कसे वाचावेत

२१ जुलै २०२५ रोजी जगदीप धनखड यांनी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला आणि १२ सप्टेंबरला सी. पी. राधाकृष्णन यांनी शपथ घेईपर्यंत, म्हणजे साडेसात आठवडे, देशाला उपराष्ट्रपती नव्हता. या काळात ‘प्रभारी उपराष्ट्रपती कोण?’ असा प्रश्न स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांपासून नियमित वर्तमानपत्र वाचणाऱ्या ज्येष्ठांपर्यंत अनेकांना पडला असेल. त्याचे उत्तर असे की आपल्या संविधानात प्रभारी उपराष्ट्रपती नावाचे पदच नाही. हे उत्तर पाठ करण्यापेक्षा ते संविधानातून स्वतः कसे शोधावे हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. एकदा ती रीत कळली की या पदाविषयीच्या बहुतेक प्रश्नांचा उलगडा मूळ मजकुरावरून करता येतो.

संविधानाची मराठी प्रत घ्या आणि अनुच्छेद ६३ ते ७१ एका बैठकीत वाचून काढा. नंतर तिथेच न थांबता अनुच्छेद ८९ ते ९२, ९७ आणि १०० यांच्या पानांवरही खुणा करून ठेवा. बहुतेक मार्गदर्शक पुस्तके पहिल्या नऊ अनुच्छेदांवरच थांबतात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. अनुच्छेद ६३ एवढेच सांगतो की भारताचा एक उपराष्ट्रपती असेल. उपराष्ट्रपती म्हणून त्याचे रोजचे काम कोणते, हे तो सांगत नाही. अनुच्छेद ६४ त्याला राज्यसभेचा पदसिद्ध सभापती करतो आणि त्याचे नित्याचे घटनात्मक काम तेच आहे. वेतनही त्याला सभापती म्हणूनच मिळते. म्हणून कोणताही प्रश्न समोर आला की आधी स्वतःला विचारावे: ही व्यक्ती या प्रसंगी उपराष्ट्रपती म्हणून वावरत आहे, सभापती म्हणून, की राष्ट्रपतींच्या जागी? व्यक्ती एकच असली तरी या तीन भूमिकांचे नियम वेगवेगळे आहेत.

हा निकष सुरुवातीच्या प्रश्नाला लावून पाहू. पद रिकामे झाले की सभापतीची कर्तव्ये अनुच्छेद ९१ प्रमाणे उपसभापती पार पाडतो. तोही नसेल तर राष्ट्रपती राज्यसभेच्या एखाद्या सदस्याला त्यासाठी नेमतात. २०२५ मध्ये उपसभापती हरिवंश यांच्याकडे आलेली जबाबदारी ती हीच. ते उपराष्ट्रपती झाले नव्हते आणि त्या दिवसांत राष्ट्रपतींचे पद रिकामे झाले असते, तर ते त्या जागी गेलेही नसते. सभापतीच्या कामाला पर्याय आहे, उपराष्ट्रपतिपदाला नाही. (याच ठिकाणी शब्दांबाबत एक सूचना: राज्यसभेचा सभापती आणि लोकसभेचा अध्यक्ष हा भेद मराठीत स्पष्ट आहे, आपल्याकडे विधान परिषद आणि विधानसभा यांच्याबाबतीतही तो पाळला जातो. टिपणे काढताना तो कसोशीने पाळावा, कारण दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक अध्यक्षांच्या अधिपत्याखाली होते, सभापतींच्या नव्हे.)

आता तिसरी भूमिका. अनुच्छेद ६५ मध्ये दोन वेगळे प्रसंग आहेत आणि ते वेगळेच ठेवावेत. राष्ट्रपतींचा मृत्यू, राजीनामा, पदावरून दूर केले जाणे किंवा अन्य कारणाने पद रिकामे झाले, तर नवे राष्ट्रपती पद ग्रहण करेपर्यंत उपराष्ट्रपती राष्ट्रपती म्हणून काम करतो. राष्ट्रपती पदावर आहेत, पण अनुपस्थिती, आजारपण किंवा अन्य कारणामुळे कार्ये पार पाडू शकत नाहीत, अशा वेळी ते पुन्हा रुजू होईपर्यंत उपराष्ट्रपती फक्त ती कार्ये पार पाडतो. १९६१ मध्ये राजेंद्र प्रसाद गंभीर आजारी असताना सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी त्यांची कार्ये सांभाळली, तो दुसरा प्रकार. फक्रुद्दीन अली अहमद यांच्या निधनानंतर बी. डी. जत्ती यांनी ११ फेब्रुवारी ते २५ जुलै १९७७ या काळात राष्ट्रपती म्हणून काम केले, तो पहिला प्रकार. दोन्ही प्रकारांत त्या काळापुरते राष्ट्रपतींचे सर्व अधिकार आणि संरक्षण मिळते, आणि त्याच काळात अनुच्छेद ६४ प्रमाणे सभापतीचे काम आणि सभापतीचे वेतन ही दोन्ही थांबतात. मात्र उपराष्ट्रपतिपद सुटत नाही. नीलम संजीव रेड्डी राष्ट्रपती झाल्यावर जत्ती १९७९ पर्यंत उपराष्ट्रपती होतेच. उरलेला कार्यकाळ उपराष्ट्रपतीच राष्ट्रपती म्हणून पूर्ण करतो, ही समजूत अमेरिकेच्या पद्धतीवरून आलेली आहे. भारतात रिक्त झालेल्या राष्ट्रपतिपदाची निवडणूक सहा महिन्यांच्या आत घ्यावीच लागते.

१९६९ ची घटनामालिका मात्र सावकाश, तारखा लिहून घेत वाचावी, कारण एवढ्या थोड्या दिवसांत इतके अनुच्छेद कामाला लागल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे. ३ मे रोजी झाकीर हुसेन यांचे निधन झाले आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती म्हणून काम करू लागले. त्यांच्यानंतर कोण, याचे उत्तर संविधानाच्या मजकुरात नव्हते. अनुच्छेद ७० ने ती तरतूद करण्याचे काम संसदेवर सोपवले होते. संसदेने त्याच महिन्यात कायदा करून असे ठरवले की दोन्ही पदे रिकामी असतील तर सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश, आणि तेही नसतील तर तेथील उपलब्ध सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश, ही कार्ये पार पाडतील. २० जुलैला गिरींनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपती म्हणून काम पाहिले. येथे वाचकाने एक शंका जरूर घ्यावी: अनुच्छेद ६७ प्रमाणे उपराष्ट्रपतीने आपला राजीनामा राष्ट्रपतींना उद्देशून द्यायचा असतो, आणि त्या दिवशी राष्ट्रपती म्हणून काम करणारी व्यक्ती तर स्वतः गिरीच होते. संविधानकर्त्यांनी हा प्रसंग स्वतंत्रपणे लिहून ठेवलेला नाही. मला तर हे उदाहरण या सगळ्या प्रकरणातले सर्वांत शिकवणारे वाटते, कारण मजकूर कुठे संपतो हे त्यात प्रत्यक्ष दिसते. आणखी एक बारकावा असा की निवडणूक लढवण्यासाठी गिरींनी राजीनामा देणे बंधनकारक नव्हते. अनुच्छेद ५८ च्या स्पष्टीकरणानुसार उपराष्ट्रपतिपद हे त्या निवडणुकीपुरते लाभपद, म्हणजे उमेदवाराला अपात्र ठरवणारे सरकारी लाभाचे पद, मानले जात नाही. २००७ मध्ये भैरोसिंह शेखावत यांनी उपराष्ट्रपती असतानाच ती निवडणूक लढवली आणि पराभवानंतर राजीनामा दिला.

निवडणुकीच्या तरतुदी अनुच्छेद ६६ मध्ये आहेत. त्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीशेजारी ठेवून वाचल्या तर लक्षात राहतात. येथे मतदार फक्त संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य असतात, आमदार नसतात. उलट राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य, ज्यांना राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मत नसते, ते येथे मत देतात. प्रत्येक मताचे मूल्य एकच असते. मतदान गुप्त असते आणि एकल संक्रमणीय मताच्या पद्धतीने पसंतीक्रम लिहून होते. विजयासाठी लागणारा आकडा काढण्याची रीत सोपी आहे: वैध मतांना दोनने भागावे, अपूर्णांक सोडून द्यावा आणि एक मिळवावा. ९ सप्टेंबर २०२५ च्या निवडणुकीत ७६७ मते पडली, त्यातली १५ अवैध ठरली, म्हणून ७५२ चे निम्मे ३७६ आणि त्यात एक मिळवून ३७७. राधाकृष्णन यांना ४५२ आणि बी. सुदर्शन रेड्डी यांना ३०० पहिल्या पसंतीची मते मिळाली, त्यामुळे पुढच्या पसंती मोजण्याची वेळ आली नाही. पहिल्या फेरीत कोणीच तो आकडा गाठला नसता, तर सर्वांत कमी मते मिळालेला उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंती इतरांकडे वळवल्या गेल्या असत्या.

पात्रता थोडक्यात सांगता येते: भारताचे नागरिकत्व, वयाची ३५ वर्षे पूर्ण, राज्यसभेवर निवडून येण्याची अर्हता, आणि लाभपद नसणे. यातली राज्यसभेची अट महत्त्वाची, कारण राष्ट्रपतींसाठी लोकसभेची अर्हता सांगितली आहे. लाभपदाच्या बाबतीत स्पष्टीकरण वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये: राज्यपालपद आणि मंत्रिपद त्यातून वगळलेले आहे. म्हणूनच राधाकृष्णन महाराष्ट्राचे राज्यपाल असतानाच उमेदवार होऊ शकले. शपथ घेण्यापूर्वी त्यांनी ते पद सोडले. अर्जाचे तपशील, म्हणजे वीस प्रस्तावक, वीस अनुमोदक आणि १५,००० रुपये अनामत, हे संविधानात शोधू नयेत; ते १९५२ च्या निवडणूक कायद्यात आहेत.

पदावरून दूर करण्याची प्रक्रिया वाचताना ‘महाभियोग’ हा शब्द बाजूला ठेवावा. तो राष्ट्रपतींसाठी आहे, त्याला संविधानभंगाचे कारण लागते आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन तृतीयांश सदस्यांचा पाठिंबा लागतो. उपराष्ट्रपतीसाठी अनुच्छेद ६७ मध्ये कोणतेही कारण नमूद नाही. ठराव राज्यसभेतच सुरू व्हावा लागतो, तो तेथील ‘त्या वेळच्या सर्व सदस्यांच्या’ बहुमताने संमत व्हावा लागतो आणि लोकसभेने त्याला संमती द्यावी लागते. ‘त्या वेळच्या’ या शब्दांवर थांबावे. राज्यसभेच्या २४५ जागांपैकी समजा पाच रिकाम्या असतील, तर २४० चे बहुमत, म्हणजे १२१ मते हवीत. सभागृहात किती जण हजर आहेत याने हा आकडा बदलत नाही. ठराव मांडण्यापूर्वी किमान चौदा दिवसांची सूचना आवश्यक असते. १० डिसेंबर २०२४ रोजी विरोधी सदस्यांनी धनखड यांच्याविरुद्ध अशी सूचना दिली, पण अधिवेशन २० डिसेंबरला संपणार होते, त्यामुळे चौदा दिवसांची अट त्या अधिवेशनात पुरी होणे शक्यच नव्हते. उपसभापतींनी १९ डिसेंबरला ती सूचना फेटाळली. आजवर एकही उपराष्ट्रपती या मार्गाने दूर झालेला नाही.

असा ठराव विचाराधीन असताना काय होते, हे अनुच्छेद ९२ मध्ये आहे. सभापती सभागृहात हजर राहू शकतो, बोलू शकतो, पण अध्यक्षस्थानी बसू शकत नाही आणि त्या कामकाजात मत मुळीच देऊ शकत नाही. एरवी तो राज्यसभेचा सदस्य नसल्यामुळे पहिल्या फेरीत मत देत नाही. अनुच्छेद १०० प्रमाणे मते समसमान पडली तरच निर्णायक मत देतो. ठरावाच्या वेळी तेही काढून घेतलेले आहे.

कार्यकाळ पद ग्रहण केल्यापासून पाच वर्षांचा असतो, आणि मुदत संपली तरी उत्तराधिकारी येईपर्यंत उपराष्ट्रपती पदावर राहतो. मुदत संपण्यामुळे रिकामे होणारे पद आधीच निवडणूक घेऊन भरायचे असते. मृत्यू, राजीनामा वगैरे कारणांनी रिकामे झाले तर अनुच्छेद ६८ ‘शक्य तितक्या लवकर’ एवढेच म्हणतो, सहा महिन्यांची मर्यादा घालत नाही. माझ्या मते ही ढिलाई दुरुस्त व्हायला हवी, कारण तेवढा काळ राष्ट्रपतींच्या मागे उभा राहणारा पहिला माणूसच नसतो. २७ जुलै २००२ रोजी कृष्णकांत यांचे पदावर असताना निधन झाले तेव्हा नव्या निवडणुकीची प्रक्रिया आधीच सुरू होती, म्हणून १९ ऑगस्टला शेखावत पदावर आले. प्रत्येक वेळी असा योग येईलच असे नाही. पोटनिवडणुकीने येणारा उपराष्ट्रपती उरलेल्या मुदतीपुरता नसतो, त्यालाही पूर्ण पाच वर्षे मिळतात. पुन्हा निवडून येण्यास मनाई नाही: सर्वपल्ली राधाकृष्णन आणि हमीद अन्सारी दोन-दोन वेळा या पदावर होते.

वादांसाठी अनुच्छेद ७१ पाहावा. निवडणुकीविषयीची प्रत्येक शंका आणि तंटा थेट सर्वोच्च न्यायालयात जातो. निवड रद्द ठरली तरी तोपर्यंत त्या पदाच्या अधिकारात केलेली कृत्ये अवैध होत नाहीत. मतदारमंडळातील काही जागा रिकाम्या आहेत, एवढ्या कारणावरून निवडणुकीला आव्हान देता येत नाही. ही तरतूद १९६१ च्या अकराव्या घटनादुरुस्तीने घातली. तिच्याआधी, १९५७ मध्ये, मध्य प्रांताचे माजी पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) डॉ. ना. भा. खरे यांनी काही मतदारसंघांत निवडणुका व्हायच्या असताना राष्ट्रपतींची निवडणूक घेण्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले होते. उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीविरुद्धची याचिका एखादा उमेदवार किंवा किमान दहा मतदार एकत्र येऊन करू शकतात, आणि निकाल जाहीर झाल्यापासून तीस दिवसांच्या आत ती दाखल करावी लागते.