ताई, तांबडा दिवा लागलाय

रात्री साडेनऊला फोन वाजतो आणि पलीकडून आवाज येतो, "ताई, तांबडा दिवा लागलाय." पुढचं ऐकायची खरं तर गरज नसते. मॅच रंगात आलेली असते, नाहीतर पुण्याहून आलेल्या जावयाची मीटिंग असते. मी एवढंच विचारते, "लुकलुकतोय का?" नेटच्या डब्यावरचा तो दिवा लुकलुकत असेल तर फायबरच्या तारेतून नेट आणणारा उजेडच घरापर्यंत पोचत नाही. तार तुटलीय, मुडपलीय, नाहीतर घुशीनं कुरतडलीय. सगळे दिवे हिरवे असून नेट चालत नसेल तर भानगड दुसरी. बहुतेक वेळा रिचार्ज संपलेलं असतं आणि ते कबूल करायला कुणी तयार नसतं.

कराड तालुक्यातल्या काही गावांत आमचं फायबर ब्रॉडबँड चालतं. साडेसातशे कनेक्शनं, चार माणसं, एक टेम्पो आणि घराची एक खोली. त्या खोलीतला एसी मशीनसाठी आहे, आमच्यासाठी नाही. या धंद्यात येऊ का, असं विचारणाऱ्या मुली अधूनमधून भेटतात. त्यांना दर वेळी जे सांगते तेच इथे लिहितेय.

माझी सुरुवात वडिलांच्या पिवळ्या एसटीडी बूथमधून झाली. रात्री उशिरा दर पावपट व्हायचा, म्हणून मुंबईला गिरणीत किंवा माथाडीत असलेल्या माणसांच्या घरचे लोक तेव्हाच रांग लावायचे. काचेच्या खोक्यातलं आतलं माणूस रडतंय की हसतंय ते बाहेरून दिसायचं, आणि डोक्यावरचा तांबडा आकडा पळत असायचा. मी बाहेर बसून बिल फाडायचे. डिप्लोमाला ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) घेतलं ते त्या आकड्याच्या ओढीनं, असं म्हणायला हरकत नाही. २००३ पासून मोबाइलचं इनकमिंग फुकट झालं आणि बूथ ओस पडला. मग सिमकार्ड, रिचार्ज. २०११ नंतर नंबर तोच ठेवून कंपनी बदलणाऱ्यांचे अर्ज. २०१६ नंतर लोक तीन-तीन महिन्यांचं रिचार्ज स्वतःच फोनवरून मारू लागले आणि दुकानात फक्त काच बसवून घ्यायला यायला लागले. त्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कमिशनवरचा धंदा दुसऱ्याच्या मर्जीवर असतो, एवढं मात्र त्यातून कळलं.

२०१८ ला एका ब्रॉडबँड कंपनीची फ्रँचायझी घेतली. तार माझी, खांबावर चढणारी पोरं माझी, वसुली माझी. बँडविड्थ, म्हणजे तारेत सोडायचं इंटरनेट, आणि परवाना त्यांचा. दोन वर्षांत तीनशे घरं जोडली. लॉकडाउनमध्ये तर लोक रात्री दारात येऊन उभे राहायचे. मग हिश्शावरून वाजलं आणि मी करार बाहेर काढला. त्यात पाचव्या पानावर लिहिलं होतं की ग्राहक कंपनीचा. तार माझी असूनही त्यातून कुणाला नेट द्यायचं हे मी ठरवू शकत नव्हते. सही करताना ते पान मी वाचलं होतं, पण अर्थ डोक्यात शिरला नव्हता. फ्रँचायझीचा करार हातात आला की आधी तीनच गोष्टी शोधा: ग्राहक कुणाचा, वेगळं झाल्यावर तुमच्या तारेचं काय, आणि पैसे ग्राहकाकडून कुणाच्या खात्यात जातात. ते वकिलाकडून वाचून घ्यायचे दोन-तीन हजार देताना हात आखडू नका.

त्यानंतर स्वतःचा परवाना काढला. त्यासाठी कंपनी स्थापन करावी लागते, एकट्याच्या नावावर दुकान काढावं तसं चालत नाही. मी घेतला तेव्हा इंटरनेट सेवेच्या परवान्याचे तीन वर्ग होते. देशभराच्या ए वर्गाची प्रवेश फी ३० लाख, साधारण राज्याएवढ्या एका सर्कलच्या बी वर्गाची २ लाख आणि साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्राच्या सी वर्गाची २० हजार. मी अर्थातच सी. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर होतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर ही सगळी रचनाच बदलते आहे, तेव्हा माझे आकडे वहीत उतरवून घेऊ नका. अर्जाच्या दिवशी पोर्टलवर काय लिहिलंय ते वाचा. वीस हजार ऐकून हुरळूनही जाऊ नका. बँक गॅरंटी, सीएची फी, ग्राहकांची केवायसी, कोणता ग्राहक कधी कोणत्या पत्त्यावरून जोडलेला होता याची दोन वर्षं जपायची नोंद, हे सगळं त्यामागून येतं. परवाना नको असेल तर पीएम-वाणी योजनेत दुकानातून सार्वजनिक वायफाय विकता येतं, त्याला परवाना लागत नाही. त्यात पैसा थोडा. पण ग्राहक कसा वागतो ते कळतं.

आता खरं सांगायचं ते. तुटलेल्या फायबरला जोड मारायला स्वतः शिका.

मालकिणीनं कशाला, पोरं आहेत की, असं घरच्यांनीही म्हटलं होतं. पण फायबरच्या धंद्यात सगळं शेवटी एका आकड्यावर येतं, तो म्हणजे ग्राहकाच्या घरी किती उजेड पोचतो. आमच्या खोलीतल्या ओएलटीतून, म्हणजे तारेत उजेड सोडणाऱ्या मुख्य यंत्रातून, तो साधारण ४ डीबीएम (उजेड मोजायचं माप) निघतो. वाटेत एका तारेचे आठ फाटे करणारा स्प्लिटर लागतो, तो साडेदहा खातो. पुढे गल्लीच्या तोंडाशी दुसरा आठाचा, तो आणखी साडेदहा. पाच किलोमीटर तार दोनेक खाते, कनेक्टर मिळून एक. करा वजाबाकी: मायनस २० च्या आसपास. घरातलं यंत्र मायनस २७ पर्यंत कसंबसं तग धरतं. पोरगा म्हणाला "ताई, लाइट येतीय, नेट चालू झालं", आणि मीटरवर मायनस २६ असेल, तर ते कनेक्शन पहिल्या पावसातच झोपणार. नवीन जोडणी मायनस २५ च्या खाली गेली तर मी ती पुन्हा करायला लावते. हे मला कळतं हे पोरांना माहीत आहे, म्हणून ती मला गंडवत नाहीत. ज्या मालकाला मीटर वाचता येत नाही, त्याच्याकडे दर महिन्याला "केबलच खराब आहे" म्हणून नवा ड्रम येतो.

जोड मारणं तसं बघितलं तर स्वयंपाकघरातलंच काम आहे, नीटनेटक्या हाताचं. बाहेरचं आवरण सोलायचं, मग रंगाचा थर, मग उरतो तो काचेचा केस, १२५ मायक्रॉनचा. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा; पुसताना बारीक करकर आवाज आला की स्वच्छ झाला समजा. क्लीव्हरनं काटकोनात तोडायचा. दोन्ही टोकं जोड मारायच्या मशीनमध्ये ठेवली की पडद्यावर ती समोरासमोर येतात, ठिणगी पडते आणि काच काचेत विरघळते. जोडात किती उजेड गळतो त्याचा आकडा मशीन दाखवते, ०.०२ डीबी वगैरे. ०.०५ च्या वर गेलं की मी तोडून पुन्हा मारते. मग स्लीव्ह, म्हणजे जोड झाकणारी नळी, त्यावर सरकवून गरम करायची. ती आधी तारेत ओवायला विसरलात तर सगळं मुसळ केरात. प्रत्येकजण पहिल्या आठवड्यात विसरतोच. तुटलेले तुकडे बाटलीत टाका, फरशीवर नको. पायात गेलेली काच दिसत नाही आणि निघतही नाही. आणि चालू तारेच्या टोकात डोळा घालून "उजेड येतोय का" बघू नका. तो उजेड डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला लागतो.

मीही चुकलेय. जानेवारीत पालीच्या खंडोबाची यात्रा असते. त्या रात्री आमची दोन्ही पोरं भंडाऱ्यात न्हायला गेली होती. गळीत हंगाम जोरात. उसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली वळणावर आमच्या चोवीस कोरच्या (आत काचेचे चोवीस केस असलेल्या) केबलला अडकली आणि केबल खांबासकट ओढत घेऊन गेली. एकशेदहा घरं बंद. मी आणि टेम्पोचा ड्रायव्हर, रस्त्याकडेला गोणपाट अंथरून बसलो, उजेड टेम्पोच्या हेडलाइटचा. फायबरचे रंग ठरलेले असतात: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा आणि पुढचे सहा. त्या पिवळ्या उजेडात राखाडी आणि पांढरा मला सारखेच दिसले. पाचवा सहाव्याला जोडला, सहावा पाचव्याला. जॉइंट बॉक्स बंद करून, खांबाला बांधून पहाटे चारला घरी आले, तर सोळा घरांत नेट तसंच बंद. सकाळी पुन्हा सगळं उघडलं. तेव्हापासून बॅगेत पांढऱ्या उजेडाची हेडटॉर्च असते, आणि मीटर लावून एकेक कोर बघितल्याशिवाय बॉक्स बंद होत नाही. रस्ता ओलांडणारी तारही आता वीस फुटांवरून नेते. खांब महावितरणचा असेल तर परवानगीचा कागद आधी. तोंडी "टाका हो" म्हणणाऱ्याची बदली झाली की तार कापायला दुसरा येतो.

वसुलीवर प्रत्येकाचं आपापलं शास्त्र असतं. आमच्याकडचं पेटंट वाक्य, "उसाचं बिल आलं की देतो." पहिल्या वर्षी मी त्यावर विश्वास ठेवला आणि बँडविड्थचं बिल भरायला दागिना ठेवला. आता सगळं आगाऊ. पण शेतकऱ्याला दर महिन्याचे पाचशे जड जातात आणि बिल आल्यावर सहा महिन्यांचे एकदम देणं सोपं, म्हणून तसा प्लॅन ठेवला. दरात १८ टक्के जीएसटी धरून सांगा, नाहीतर तो तुमच्या खिशातून जातो. बँडविड्थ घेताना रात्री नऊचा आलेख बघा, दुपारचा नाही. माझ्याकडे चारशे घरांमागे रात्री साधारण एक जीबीपीएस भरतो. त्याहून कमी घेतलं तर फोन घेता घेता हात दुखतात.

बाईमाणूस म्हणून काय झालं, हे सगळे विचारतात. खांबावर चढायचा प्रश्न सलवार-कमीज आणि सेफ्टी बेल्टनं सुटतो. सुटत नाही तो दुसरा. कर्जाला गेले तेव्हा मुद्राच्या अर्जावर "मिस्टरांना घेऊन या" म्हणाले. मिस्टर शेती करतात, त्यांना ओएलटी म्हणजे काय ते माहीत नाही. ते आले, खुर्चीत बसले, आणि प्रत्येक प्रश्नाला "तिला विचारा" म्हणाले. अजूनही नवीन ग्राहक "साहेब कुठायत?" विचारतो. उलट बाजूही आहे. दुपारी घरात एकटी बाई असताना अनोळखी पोराला आत घ्यायला लोक कचरतात. मी किंवा आमच्यातली मुलगी गेली की दार लगेच उघडतं, चहाही मिळतो. पण योजनेचा फायदा मिळावा म्हणून बाईच्या नावानं कंपनी काढून कारभार भावानं पाहायचा, हा प्रकार मी जवळून बघितलाय. नोटीस सहीवाल्याच्या नावानं येते. सही करणार असाल तर मीटरही वाचा.

आणि फोनवर कोण बसणार ते आधी ठरवा. आमच्याकडे सासूबाई बसतात. नववारी, चौथी पास, वय त्र्याहत्तर. त्यांना पॉन म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण निम्म्या तक्रारी त्या फोनवरच मिटवतात. "दिवा हिरवा हाय का तांबडा? हिरवा? मग पैसं भरल्यात का, बघ आधी." परवा दूरसंचार खात्याचे अधिकारी काही नोंदी तपासायला आले होते. त्यांचा फोनही सासूबाईंनीच उचलला आणि त्यांनाही हेच विचारलं.