अमेरिकेत मूल अकरावीत गेलं की: डिप्लोमा आणि कॉलेजच्या तयारीचं वर्ष

कॉलेजचे अर्ज भरायचे ते बारावी सुरू होताना, ऑगस्टपासून. म्हणून बरीच घरं तोपर्यंत निवांत असतात. पण त्या अर्जात जे जातं त्यातलं बहुतेक सगळं अकरावी संपते त्या जूनमध्येच ठरून गेलेलं असतं: ग्रेड, निवडलेले विषय, शिफारस करणारे शिक्षक, शाळेबाहेरचं काम. लवकरच्या फेरीच्या, म्हणजे १ नोव्हेंबरच्या, मुदतीत अर्ज गेला तर कॉलेजपुढे बारावीची विषयांची यादी असते, ग्रेड बहुधा नसतातच. महाराष्ट्रात शिकलेल्या आईबाबांच्या डोक्यात ‘बारावीचं वर्ष’ पक्कं बसलेलं असतं. इथे ते वर्ष अकरावीचं, शाळेच्या भाषेत ज्युनिअर इयर.

ट्रान्स्क्रिप्ट वाचायला बसा

सप्टेंबरमध्ये शाळेच्या काउन्सेलरकडून मुलाचा ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विषय आणि ग्रेडची अधिकृत नोंद, मागून घ्या. पालकांच्या पोर्टलवर दिसतं ते प्रगतिपुस्तक वेगळं आणि कॉलेजला जाणारा कागद वेगळा. तो समोर ठेवून एकेक ओळ तपासा. विषयाची पातळी बरोबर लिहिली आहे का? ‘ऑनर्स’चा वर्ग साध्या वर्गाच्या नावाने नोंदला गेला तर वेटेड जीपीए (अवघड वर्गांना जास्त वजन देऊन काढलेली ग्रेडची सरासरी) उगाचच खाली येतो. उन्हाळ्यात बाहेर केलेला ऑनलाइन कोर्स चढला आहे का? शाळा बदलली असेल तर जुन्या शाळेची क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या विषयांची एककं) आली आहेत का? कुठे ‘अपूर्ण’ असा शेरा राहून गेलाय का? या चुका सप्टेंबरमध्ये एका ईमेलने सुटतात. बारावीच्या ऑक्टोबरमध्ये काउन्सेलरच्या टेबलावर अर्जांचा ढीग असतो, तेव्हा त्याच चुका सुटता सुटत नाहीत. काउन्सेलरांची राष्ट्रीय संघटना एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत असं सुचवते. प्रत्यक्षात अनेक शाळांत त्याहून जास्त असतात, हे ध्यानात ठेवूनच त्यांच्याकडून अपेक्षा ठेवा.

मग डिप्लोमाच्या, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राच्या, अटी बघा. त्या राज्यागणिक बदलतात आणि शाळेचा जिल्हा त्यात आपली भर घालतो. न्यू जर्सीत १२० क्रेडिट्स लागतात आणि डिप्लोमासाठीची राज्याची परीक्षा अकरावीतच होते. टेक्सासमध्ये मूळ आराखडा २२ क्रेडिट्सचा, ‘एन्डॉर्समेन्ट’सह (एखाद्या क्षेत्राचे जादा विषय घेऊन) २६चा. शिवाय राज्याच्या पाच परीक्षा, त्यातली अमेरिकेच्या इतिहासाची साधारणपणे अकरावीत येते. मेरीलँडमध्ये सेवेचे ७५ तास भरावे लागतात. हुशार मुलांचं घोडं अडतं ते गणितात नाही. अडतं शारीरिक शिक्षण, आरोग्य, आर्थिक साक्षरता, कला अशा अर्ध्या-पाव क्रेडिटच्या विषयांवर, कारण एपीच्या (कॉलेजच्या पातळीच्या) वर्गांना जागा करण्यासाठी तेच विषय पुढे ढकललेले असतात. बारावीच्या वेळापत्रकात ते बसतील का, हे जानेवारी-फेब्रुवारीत विषय निवडतानाच पाहायचं.

डिप्लोमाची अट आणि कॉलेजची अट यांत फरक असतो, आणि फसगत इथेच होते. डिप्लोमाला गणिताची तीन वर्षं पुरत असतील, पण इंजिनिअरिंगला जाणाऱ्याने चौथं वर्ष सोडलं तर ते अर्जात लगेच डोळ्यांत येतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला ‘ए टू जी’ या यादीतले १५ वार्षिक कोर्स किमान ‘सी’ ग्रेडने लागतात आणि त्यातले ११ अकरावीनंतरचा उन्हाळा संपेपर्यंत पुरे व्हावे लागतात. त्यांचा जीपीए दहावी आणि अकरावीच्याच ग्रेडवर काढला जातो, नववी त्यात धरत नाहीत.

घरी मराठी बोलणाऱ्या मुलांनी एक गोष्ट काउन्सेलरला जरूर विचारावी. बऱ्याच राज्यांत डिप्लोमावर ‘सील ऑफ बायलिटरसी’, म्हणजे दोन भाषा येत असल्याची मोहर, मिळते. मराठीसाठी अव्हान्ट कंपनीची स्टॅम्प ही लेखन आणि संभाषणाची परीक्षा आहे, आणि काही जिल्हे तिच्यावर परकीय भाषेचं क्रेडिटही देतात. त्यात लिहायचं देवनागरीत असतं. बोलणं अस्खलित पण लिहिण्याची सवय मोडलेली, असं असेल तर दोन-तीन महिने रोज एक परिच्छेद टाइप करायला लावा.

एपी किती घ्यायच्या

पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. पाच एपी घेऊन तीन ‘बी’ आणण्यापेक्षा तीन घेऊन तिन्हींत ‘ए’ आणलेला बरा, हे आमचं स्पष्ट मत. कॉलेज विद्यार्थ्याची तुलना त्याच्याच शाळेत काय शिकवलं जातं त्याच्याशी करतं. काउन्सेलर पाठवतो त्या शाळेच्या माहितीपत्रकात किती एपी उपलब्ध आहेत ते लिहिलेलं असतं. शाळेत सहाच असतील तर शेजारच्या शाळेतल्या वीसांची चिंता करू नका. परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत होतात, पण त्यांची नोंदणी नोव्हेंबरमध्येच करायची असते. ती चुकली तर जास्तीचं शुल्क पडतं.

एसएटी, आणि हवी का तीही

ऑक्टोबरमधली पीएसएटी (कॉलेज प्रवेशासाठीच्या एसएटीची सराव परीक्षा) अकरावीत दिली तरच नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी धरली जाते. तिचा ‘सिलेक्शन इंडेक्स’ काढताना वाचन-लेखनाचे गुण दुप्पट करतात, त्यात गणिताचे मिळवतात आणि बेरजेला दहाने भागतात. समजा वाचन-लेखनात ७२० आणि गणितात ७६०, तर इंडेक्स २२०. दोन्हीकडचे आकडे उलटे असते तर तो २२४ झाला असता. म्हणजे गणितात पक्क्या मुलानेही तयारीचा वेळ वाचनावर घालवलेला जास्त फायद्याचा.

एसएटी आता पूर्ण डिजिटल आहे: २ तास १४ मिनिटं, दोन विभाग, प्रत्येक विभागाचे दोन भाग. पहिला भाग कसा जातो त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. म्हणून पहिल्या भागातल्या निष्काळजी चुका महागात पडतात: सोपा दुसरा भाग पदरात आला की तो सगळा बरोबर सोडवूनही वरचे गुण हाती लागत नाहीत. सरावासाठी ब्लूबुक या परीक्षेच्याच अॅपमधल्या चाचण्या पुरेशा आहेत, पण त्या मोजक्याच आहेत. दर शनिवारी एक उडवून टाकू नका. एक चाचणी, मग दोन-तीन आठवडे फक्त तिच्यातल्या चुकांवर काम, मग पुढची. गणितात अॅपमध्येच डेस्मॉस कॅल्क्युलेटर असतो. आलेख काढून उत्तर शोधायची सवय झाली की बरेच प्रश्न हाताने सोडवण्यापेक्षा लवकर सुटतात.

पहिला प्रयत्न मार्चमध्ये, दुसरा मे किंवा जूनमध्ये, गरज पडली तर तिसरा ऑगस्टमध्ये. मेमध्ये एपी अंगावर येतात, म्हणून मार्चची तारीख सोडू नये. केंद्राची जागा लवकर धरा, विशेषतः कॅलिफोर्नियात. परीक्षेच्या एक ते पाच दिवस आधी अॅपमधली पूर्वतयारी उरकली नाही तर प्रवेशपत्र तयार होत नाही. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून न्या, केंद्रावर प्लग मिळेलच असं नाही.

परीक्षा द्यायचीच का, हे यादी पाहून ठरवा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया हे गुण प्रवेशासाठी बघतच नाही. एमआयटी, हार्वर्ड, कॅलटेक, जॉर्जिया टेक ते मागतात. ‘ऐच्छिक’ म्हणणाऱ्या कॉलेजात गुण पाठवावेत का, याचा साधा नियम: मागच्या वर्षी दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या मधल्या पन्नास टक्क्यांत किंवा त्याच्या वर असाल तर पाठवा.

यादी कशी करायची

क्रमवारीच्या मासिकांपासून सुरुवात करू नका. कॉलेजच्या नावापुढे ‘कॉमन डेटा सेट’ लिहून शोधा. त्यातल्या ‘सी ७’ या तक्त्यात ग्रेड, निबंध, शिफारसपत्रं, मुलाने कॉलेजमध्ये दाखवलेला रस यांना किती वजन आहे ते कॉलेजनेच खुणा करून सांगितलेलं असतं. रसाला वजन असेल तर ऑनलाइन माहितीसत्रालाही नाव नोंदवून बसा. नसेल तर विमानाचं तिकीट वाचवा. ‘एच २ ए’मध्ये गरज नसलेल्या किती विद्यार्थ्यांना गुणवत्तेवर पैसे मिळाले आणि सरासरी किती, ते कळतं. मध्यम-उच्च उत्पन्नाच्या घराला हा आकडा क्रमवारीपेक्षा जास्त उपयोगी.

विषयाप्रमाणे प्रवेश देणाऱ्या विद्यापीठांत कॉम्प्युटर सायन्सची स्पर्धा निराळीच असते. विद्यापीठाची सरासरी पाहून त्याला ‘सुरक्षित’ समजणं ही आपल्या घरांतली नेहमीची चूक. आत शिरून मग विषय बदलू, हा मार्गही बऱ्याच ठिकाणी बंद किंवा फार अरुंद असतो. सुरक्षित कॉलेज म्हणजे जिथे प्रवेश जवळजवळ नक्की आहे, फी परवडते आणि मूल खरोखर जायला तयार आहे. तिन्ही गोष्टी हव्यात. अशी दोन शोधा, बाकीची यादी आपोआप भरते.

पैशांचं वर्ष डिसेंबरमध्ये संपतं

हे कळेपर्यंत बहुतेकांना उशीर झालेला असतो. फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज, बारावीच्या १ ऑक्टोबरला उघडतो, पण त्यात उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं धरतात. मूल २०२८च्या फॉलला कॉलेजात जाणार असेल तर हिशेब २०२६चा, म्हणजे अकरावीच्या डिसेंबरला संपणारं वर्ष. शेअर विकून मोठा नफा घ्यायचा असेल तर त्या वर्षाच्या आत की बाहेर, याचा विचार आधीच करा.

बचत कोणाच्या नावावर आहे यानेही फरक पडतो. घर कॉलेजसाठी देऊ शकेल असे पालकांच्या मालमत्तेतून जास्तीत जास्त ५.६४ टक्के धरले जातात, मुलाच्या नावावरच्या पैशांतून २० टक्के. तेच १०,००० डॉलर पालकांच्या मालकीच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या बचतीचं खातं) असले तर फार तर ५६४ डॉलर मोजले जातील, मुलाच्या नावावरच्या खात्यात असले तर २,०००. निवृत्तीची खाती आणि राहतं घर फाफ्सात धरत नाहीत. पण पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट धरतात, आणि तो लिहायचा राहून गेला तर फॉर्म चुकीचा ठरतो.

मूल एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावरच्या पालकांवर अवलंबून असलेल्यांचा व्हिसा) असेल तर केंद्रीय मदत मिळत नाही. राज्याच्या रहिवाशांची फी लागू होते का, हे राज्यावर आणि विद्यापीठावर अवलंबून असतं, तेव्हा प्रत्येक ठिकाणच्या रेसिडेन्सी कार्यालयाला लेखी विचारा. २१ पूर्ण झाली की एच-४ संपतो, म्हणजे कॉलेजच्या मध्यावरच एफ-१ची (विद्यार्थी व्हिसाची) वेळ येऊ शकते. एच-४ वरच्या मुलांना पगारी नोकरी चालत नाही. जे काम एरवी पैसे देऊन करून घेतात ते ‘बिनपगारी’ म्हणून करणंही धोक्याचं.

प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतो, कायद्याने ठेवावाच लागतो. फेब्रुवारीत एका संध्याकाळी कर परतावा समोर ठेवून यादीतल्या सगळ्या कॉलेजांचे आकडे काढा आणि ते मुलाला दाखवा. वर्षाला किती देऊ शकतो हे त्याला अकरावीत सांगणं अवघड जातं. बारावीच्या एप्रिलमध्ये, प्रवेशपत्र हातात असताना सांगणं फार वाईट.

शिफारसपत्रं आणि शाळेबाहेरचं काम

दोन शिक्षकांना मेमध्ये, शाळा सुटण्याआधी, प्रत्यक्ष भेटून विचारा. अकरावीचे शिक्षक हवेत, आणि ‘ए’ देणाऱ्यापेक्षा ज्याच्या वर्गात मूल बोललं, झगडलं, तो बरा. एमआयटीला एक गणित-विज्ञानाचा आणि एक भाषा-सामाजिक शास्त्रांचा शिक्षक लागतो, त्यामुळे तशीच जोडी धरली तर बहुतेक ठिकाणी चालते. हो म्हटल्यावर एका पानाची टिपणं द्या: वर्गातला कुठला प्रकल्प, कुठली चूक, ती कशी सुधारली. पत्र वाचण्याचा हक्क सोडल्याची खूण अर्जात करायची असते. ती केली नाही तर पत्राचं वजन कमी होतं.

कॉमन अॅपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) दहा उपक्रम मावतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. ‘मराठी शाळेत मदत केली’ यातून काहीच कळत नाही. ‘दर रविवारी २ तास, ७-८ वर्षांच्या १४ मुलांना वाचन शिकवलं, ४० चित्रकार्डं बनवली’ यातून कळतं. तारखा, तास, आकडे अकरावीभर एका वहीत टिपून ठेवा, ऑगस्टमध्ये आठवत नाहीत. दहाचे दहा रकाने भरायची सक्ती नाही. अकरावीच्या वसंतात घाईने काढलेली स्वयंसेवी संस्था वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते.

निबंधाची कमाल मर्यादा ६५० शब्द. पहिला कच्चा खर्डा जुलैत व्हावा. पालकांनी वाचावा, पण वाक्यं बदलू नयेत. ‘इथे मला कंटाळा आला’ एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

नावाची भानगड

शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण आपल्या नावांमुळे ती हटकून होते. शाळेच्या नोंदीत वडिलांचं नाव मधलं, पासपोर्टवर ते पहिल्या नावालाच चिकटलेलं, एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या खात्यात गाळलेलं. मग एसएटीचे गुण अर्जाशी जुळत नाहीत आणि पोर्टलवर ‘गुण मिळाले नाहीत’ असं दिसत राहतं. अकरावीतच एक रूप ठरवा, शक्यतो पासपोर्टवरचं, आणि शाळा, कॉलेज बोर्ड, कॉमन अॅप सगळीकडे अक्षर न अक्षर तेच लिहा. या कामासाठी वेगळा खासगी ईमेल उघडा. शाळेने दिलेला पत्ता डिप्लोमा मिळाल्यावर बहुधा बंद होतो, आणि वसतिगृहाच्या खोलीची पत्रं नेमकी तेव्हाच यायला लागतात.